गोठा घर असतो का?

मी बेळगावात औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. रविवारी गावी जाते. आमचं गाव उचगावच्या पलीकडे, आणि गावामागच्या टेकडीवर दगडाची खाण. सुरुंग उडाला की मांडणीवरची भांडी वाजतात आणि गोठ्यातल्या म्हशी दावी ताणून उभ्या राहतात.

दोनेक वर्षांपूर्वीच्या एका रविवारी मी चपला काढायच्या आतच आप्पांनी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांनी, माझ्या हातात कागदांचा गठ्ठा ठेवला. खाणींचे नियम बदलायचे होते. त्याचा मसुदा जाहीर झाला होता, आणि लोकांनी हरकती कळवाव्यात असं त्यात शेवटी छापलं होतं.

"सरकार आपल्याला इचारालंय," आप्पा म्हणाले. "वाच आणि मराठीत सांग सगळ्यांस्नी."

बाजारापुरती कन्नड आमच्याकडे सगळ्यांना येते. पण ही सरकारी कन्नड होती. एक वाक्य अर्धं पान चालायचं आणि क्रियापद पार शेवटी भेटायचं. वडिलांच्या बदल्यांमुळे मी कन्नड शाळेत शिकले, त्याची शिक्षा त्या दिवशी झाली.

देवळासमोर पन्नासेक माणसं जमली. मी एकेक कलम सांगू लागले. "रहिवाशांना सोयीच्या वेळी सुरुंग उडवावेत," इथपर्यंत आले आणि सभा तिथेच अडकली. सोयीची वेळ कुठली? सकाळी धारा असतात. दुपारी म्हातारी माणसं झोपतात. संध्याकाळी पोरांचा अभ्यास, असं एकजण म्हणाला. त्याची बायको म्हणाली, अभ्यास कसला, मालिका असतात. तासभर भांडून आम्ही एवढंच ठरवलं की गावाला सोयीची वेळच नाही. आप्पांनी ते तसंच्या तसं लिहायला लावलं.

मग अंतराचं कलम आलं. राहत्या घरापासून ठरावीक अंतरात सुरुंग लावायचा नाही. आप्पांची बायको, माझी काकी, इतका वेळ मागे बसून शेंगा सोलत होती. ती म्हणाली, "आन् गोठा?"

"गोठा म्हंजे घर न्हवं गं," आप्पा म्हणाले.

"का? म्हस ऱ्हात न्हाय व्हय तितं?"

सगळे हसले. आमचा गोठा घरापासून बराच लांब, टेकडीच्या अगदी पायथ्याशी. आदल्या वर्षी सुरुंगाच्या धक्क्याने गाभण म्हैस बिथरून पडली होती, हे मात्र सगळ्यांना आठवत होतं. हरकत लिहिली गेली.

सुनावणी बेळगावात होती. काकीला तिथे स्वतः बोलायचं होतं, आणि तेही कन्नडमध्ये. मी तिला औषधाच्या पाकिटाच्या पाठीवर एक कन्नड वाक्य मराठी अक्षरांत लिहून दिलं: आमच्या गावात दगडाची खाण आहे. बसमध्ये ती ते सारखं पुटपुटत होती. कन्नडमध्ये दगड म्हणजे कल्लु आणि चोर म्हणजे कळ्ळ. मी तिला दोनदा बजावलं.

नाव पुकारलं गेलं. काकी उठली, पदर सारखा केला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "नम्म ऊरागं कळ्ळ गणी ऐती!"

आमच्या गावात चोराची खाण आहे. अख्खा हॉल हसला. खाणीचे मालक पहिल्याच रांगेत होते. ते लक्ष देऊन मोबाइल बघू लागले. माझे कान तापले. सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाईंनी हसू आवरून मराठीतच विचारलं, "आजी, हरकत काय ती सांगा."

काकी मराठीवर आली आणि मग थांबलीच नाही. "म्हस व्याय झाली की मी रातभर गोठ्यातच झोपतो. तवा माझं घर कुठलं? तुमच्या कागदात माणसाला घर हाय, जनावराला न्हाय. दगूड काय बघून पडतोय?"

आता कोणी हसलं नाही. बाईंनी तिला पुन्हा सांगायला लावलं आणि लिहून घेतलं. परतताना मी विचारलं, "काकी, कळ्ळ चुकून म्हणालीस ना?" ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "माझी कन्नड कच्ची हाय बाई."

काही महिन्यांनी अंतिम नियम आले. वेळेबद्दलच्या आमच्या हरकतीचा मागमूस नव्हता. पण अंतराच्या कलमात एक शब्द वाढला होता. मी तो दुकानात, गिऱ्हाईक समोर उभं असताना तीनदा वाचला: "राहती घरे व गोठे". इतर गावांनीही तेच मागितलं असेल, कुणास ठाऊक. आमच्या गावात मात्र तो शब्द काकीचाच आहे. मी तिला फोनवर सांगितलं. ती हळूच म्हणाली, "छापलंय व्हय? खरंच?"

मोजणीची माणसं टेप घेऊन आली. काकीने त्यांना आधी चहा पाजला आणि टेपचं टोक स्वतः गोठ्याच्या खुंटाला धरून उभी राहिली. खाणीची गावाकडची बाजू मनाईच्या अंतरात आली, म्हणून बंद झाली. आणि त्याच मोजणीत आणखी एक खड्डा सापडला: आप्पा आपल्या नव्या ओसरीसाठी शेताच्या कडेला गुपचूप सुरुंगाच्या दोन कांड्या लावून मुरूम काढत होते, तो. गोठ्यापासून हाकेच्या अंतरावर.

"ह्यो घरचाच हाय," आप्पा म्हणाले.

"लिवा, लिवा," काकी मोजणीवाल्यांना म्हणाली. "त्येबी लिवा."

आप्पांची ओसरी अजून अर्धीच आहे. रविवारी मी गेले की आम्ही तिघं त्या अर्ध्या ओसरीवर बसून जेवतो, आणि आप्पा माझ्याशी बोलतात. काकीशी फक्त भाकरी मागण्यापुरतं.