निरोप द्यायचा राहिला

दिगंबर अग्निहोत्री जेवायला बसला की वाढणारीचे हात दुखत. खायचा राक्षसासारखा आणि अंगावर मूठभर मांस नाही. आमच्या मराठी मंडळात सगळे चेष्टा करत, "याला भस्म्या झालाय." मी कधी हसले नाही. तो रोग कुठून आला ते मला ठाऊक होतं.

१९८२ साली आम्ही दोघं अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका जुन्या, दगडी विद्यापीठात शिकत होतो. मी केमिस्ट्रीत, तो जिऑलॉजीत. त्याचे गाईड दुसरीकडे गेले आणि जाताना ग्रँटही घेऊन गेले. फंडिंग नाही तर फी नाही, आणि फी नाही तर व्हिसा नाही. वाईच्या भिक्षुकाच्या या मुलानं घरी अवाक्षर कळवलं नाही. खोली सोडली आणि डिपार्टमेंटच्या माळ्यावर, दगडांच्या खोक्यांमागे गुपचूप पथारी टाकली. मी डब्यातून भात नेऊन द्यायचे.

त्या माळ्याची एक गोष्ट सांगत. शंभर वर्षांपूर्वी, विद्यापीठ नवं असताना, असाच एक कफल्लक विद्यार्थी तिथे लपून राहिला आणि हिवाळ्यात उपाशी मेला. त्याचं नावही कुणाला माहीत नव्हतं. मला ती शुद्ध थाप वाटली.

"थाप नाही गं," दिगंबर म्हणाला. "खोक्यांपलीकडे कोणीतरी कूस बदलतं. मी ऐकतो ना."

सर्वपित्री अमावास्येला त्यानं माझ्या डब्यातला भात कागदी प्लेटमध्ये वाढला. ज्याचं करायला कोणी नाही, त्याचंही त्या दिवशी करता येतं, हे त्याला घरूनच माहीत होतं. भरदुपारी त्यानं त्या बिननावाच्या मुलाला बोलावलं, "ये, जेव." तेवढ्यात जिन्याखालून हाक आली. कोणी विद्यार्थी अचानक सोडून गेला होता, फी भागवणारी असिस्टंटशिप रिकामी झाली होती, सही करायला लगेच ये. दिगंबर जो धावला तो पुन्हा माळ्यावर गेलाच नाही.

श्राद्धाला बोलावलेल्याचं जेवण झालं की त्याला निरोप द्यावा लागतो. भिक्षुकाचा मुलगा नेमकं तेच विसरला.

दुसऱ्या दिवशी कॅफेटेरियात प्लेटवर प्लेट रिकामी करून त्यानं पांढराफटक चेहरा वर केला. "शैला, पोट भरत नाही यार. तो माझ्याबरोबर आलाय."

पुढे डिग्री झाली, नोकरी लागली, तिकडेच आयसेलिन गावात घर झालं, सुचित्राशी लग्न झालं. भूक तेवढी हटली नाही. १९८७च्या सप्टेंबरात सुचित्राचा फोन आला. "शैलाताई, हे रोज तिसरं ताट मांडतात. तिसरी खुर्ची कुरकुरते हो! मी या घरात नाही राहू शकत. त्याला निरोप द्या म्हणावं. तुमचं ऐकतील."

सर्वपित्रीला सुट्टी काढून मी गेले. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तरी त्या खुर्चीत बसायचं मी टाळलं, हेही खरं.

"दिगंबर, पुरे झालं," मी म्हणाले. "त्याला जाऊ दे. तूही सुट."

त्यानं ओंजळीत पाणी घेतलं. ओठ हलले, शब्द फुटेना. बोटांतून पाणी ठिबकत राहिलं.

"हिवाळा तोंडावर आलाय, शैला," तो म्हणाला. "आणि याला जा म्हणू? तिथे मला सगळेच जा म्हणत होते. यानं एकट्यानं जागा दिली."

सुचित्रा उठली. मला वाटलं, आता बॅग भरते. ती गेली ओट्याकडे. त्या रिकाम्या ताटात तिनं भात वाढला, वरण घातलं, तुपाची धार सोडली. मग ती कुरकुरणारी खुर्ची तिनं स्वतः टेबलाजवळ सरकवली.

"अहो," तिनं हळूच विचारलं, "त्यांना ताक चालतं का?"

त्या दिवशी, पाच वर्षांत पहिल्यांदाच, दिगंबरनं पुन्हा भात मागितला नाही.