मेलेल्याची चूक

आमच्या इथले ट्रक कधीच चुकत नाई. कोळसा भरून येते, माणूस चिरडते, अन् पंचनाम्यात चूक निघते मेलेल्याची! खोटं वाटत असन तर नीलाबाईले विचारा. सहा पंचनाम्यांवर तिची सही हाय.

बाई मूळची गोंडपिपरीकडची. चंद्रपूरच्या बाहेर, कोळशाच्या रोडवर चौदा वर्षांपासून चहाची टपरी चालवते. जिभेनं तिखट, चहात साखर मात्र सढळ हातानं. शहर वाढलं, ले-आउट पडले, रोड चौपदरी झाला. पायी चालणाऱ्याले जागा द्याचं तेवढं राह्यलं. टपरीसमोर माणसं मरू लागली अन् बाई पंच झाली. बाजूले माह्यं पंक्चरचं दुकान, म्हणून दुसरा पंच मी, सुनिल. पोलीस ठाण्याचा जमादार लिहून आणे, ‘मृतकाची हयगय’. आमी त्याले चहा पाजू अन् सही करू. पाचामुखी परमेश्वर म्हणते. आमच्या तर दोन्ही मुखांले कुलूप!

परवा इसरू गेला. आमच्याच वस्तीतल्या साधनाचा नवरा, रोज सायकलनं कामावर जाणारा. टपरीजवळ, रोड सोडून खाली मातीत उभा राहून चहा पीत होता. ट्रक सरळ त्याच्यावर आला.

जमादारानं कागद पुढं केला. नीलाबाई म्हणे, "वाचून दाखवा."

"आजवर कधी वाचाले नाई सांगतलं. आज काऊन?"

बाईचं तोंड उतरलं. "तेच चुकलं माह्यं. वाचा."

"सायकलस्वार अचानक मधात आला..."

"अगा बाप्पा! सायकल तर सुनिलभाऊच्या दुकानात उलटी पडून हाय, चाक काढलेलं. मंग इसरू मधात आला कशावर? पंक्चरच्या घमेल्यावर?"

मले हसू आलं, अन् लगेच स्वतःची लाज वाटली. ती सायकल मीच उलटी केली होती. "तवरी चहा पिऊन ये," मीच त्याले म्हटलं होतं. आता सही झाली तर ड्रायव्हर सुटन, अन् साधनाच्या पोरीले जन्मभर ऐकावं लागन, तुह्या बापाचीच चूक होती.

जमादार माह्याकडं वळला. "सुनिल, चाक बसव अन् सायकल रोडवर नेऊन टाक."

नीलाबाईनं पदर खोचला, दुकानात आली अन् त्या सायकलीसमोर फतकल मारून बसली.

"बसव ना बे!" जमादार खेकसला.

"साहेब," मी म्हटलं, "पाना सापडून नाई राह्यला."

पाना माह्या हातातच होता, अन् तो त्यालेही दिसत होता.