राक्षसाची चाल

तीन वर्षं मी एकटीच एक गेम बनवतेय. जादूचं जंगल, सात दारं आणि शेवटच्या दारावर राक्षस. नोकरी सोडून हे काय चाललंय, असं नातेवाईक विचारतात तेव्हा माझं डोकं फिरतं. पण खरं सांगायचं तर तो राक्षस काही केल्या चालत नव्हता. पाय उचलायचा, पण त्यात वजनच नसायचं. नुसतं कागदी बाहुलं.

एका दुपारी गॅलरीतून बाबा दिसले. पहिली शिफ्ट संपवून, चाकणहून कंपनीच्या बसने मोशीच्या चौकात उतरले होते. डावा गुडघा न वाकवता, सोसायटीच्या भिंतीला हात लावत लावत येत होते. मी मोबाइलवर शूटिंग केलं. मग आठवडाभर रोज केलं. त्यांना सांगितलं नाही.

राक्षस चालायला लागला. इतका खरा, की त्या आनंदात मी बाबांनाच हाक मारली. माझ्या खुर्चीला टेकून ते बघत राहिले. राक्षसाने गुहेच्या भिंतीला हात लावला, तेव्हा त्यांनी खुर्चीवरचा हात काढून घेतला.

"याला मारायचं असतं का?"

"हो. त्याशिवाय शेवटचं दार उघडत नाही."

"चांगला जमलाय," एवढंच म्हणून ते आत गेले.

तेव्हापासून बाबा माझ्यासमोर भिंतीला हात लावत नाहीत. गुडघा वाकवून, ताठ चालतात आणि किती दुखतंय ते चेहऱ्यावर दिसतं.