गेटबाहेर थांबलेला दादा

नाशिकच्या सीबीएस स्टँडवरून मी उरणकडे निघालो तेव्हा बाबा बसच्या खिडकीखाली उभे होते. हयातभर सुरगाण्याच्या पाड्यांवर पायी नि जीपनं फिरून शुभवर्तमान सांगितलेला माणूस, पण निरोप देतानाही टोमणा चुकला नाही. "आपली माणसं सोडून बोटीवाल्यांना देव सांगायला चाललास. जा, त्यांना तरी वेळ दे." दादा, तू माझी ट्रंक टपावर चढवत होतास. मला राग आला होता आणि बस हलली तेव्हा सुटल्यासारखंही वाटलं. खोटं कशाला बोलू.

बंदरातल्या मिशनमध्ये माझं काम बोटींवर जायचं. पिशवीत फोनकार्डं, लोकरीच्या टोप्या, पाच-सहा भाषांतले बायबलचे नवे करार. फिलिपिनो, बर्मी, युक्रेनचे खलाशी. बहुतेकांना देवापेक्षा घरी फोन लावायची घाई असायची, म्हणून मीही आधी फोन, मग प्रार्थना असंच करायचो. एक नियम मात्र कडक होता. खलाशाच्या घरी कुणी वारलं तर ते फोनवर किंवा चिठ्ठीनं कळवायचं नाही. शिडी चढून जायचं, त्याच्या शेजारी बसायचं, मग सांगायचं. सुट्टीत घरी आलो की जेवताना मी याची फुशारकी मारायचो. "मरणाची बातमी फोनवर देतात ती काय माणसं?" असंही एकदा म्हणालो. तू मान डोलावलीस. तू माझं नेहमीच ऐकायचास, तीच तर पंचाईत.

मे महिन्यात बाबा पहाटे देवळाली कॅम्पातल्या घरीच वारले. तू फोन केला नाहीस. मंडळींना म्हणालास, "पाचला माती, तोवर त्याला घेऊन येतो," आणि शेजाऱ्याची जीप काढलीस. दहाला बंदराच्या गेटवर पोचलास. पास नाही म्हणून आत सोडेनात. बूथवरून आमच्या ऑफिसला फोन केलास. त्यांनी विचारलं, निरोप काय? तू म्हणालास, निरोप नाही, भेटूनच सांगायचंय.

मला बोटीवर एवढंच कळलं की भाऊ गेटवर आलाय. वाटलं, पुन्हा तेच असणार. बाबांचं दुखणं, आईला झेपत नाही, परत ये. समोर एक बर्मी स्वयंपाकी बायको सोडून गेली म्हणून रडत होता. म्हटलं, दादा घरचाच आहे, थांबेल. त्यानंतर आणखी दोन बोटी केल्या. त्या दुसऱ्या दिवशीही चालल्या असत्या.

तीनला बाहेर आलो. तू माझा हात धरून मला फुटपाथवर बसवलंस, शेजारी बसलास, मग सांगितलंस. पाच तास उन्हात काढल्याचं अवाक्षर नाही.

आपण पोचलो तेव्हा कबर बुजवून झाली होती. आई म्हणाली, "दोन मुलगे असून माती पुतण्यानं लोटली." बाबांच्या आजारपणात सगळं तू केलंस, दादा. शेवटची मूठभर माती माझ्यापायी तुझीही हुकली.

अजून मी परक्यांच्या शेजारी बसतो. तिकडं माझं नाव आहे. म्हणतात, हा माणूस कधी घाई करत नाही. ऐकून तोंड कडू होतं.

आई गेल्यापासून माझं घर म्हणजे तूच. मी येणार कळलं की वहिनी ताट झाकून ठेवते, तू जेवून बाहेर पडलेला असतोस. रागवत नाहीस, भेटलास की बोलतोसही नीट. फक्त माझ्यासाठी थांबत नाहीस.