चौथा नट

मंडळी, आज सकाळी गोव्यातल्या साखळीत आमच्या दारातच गाडीचं चाक पंक्चर झालेलं दिसलं. सासऱ्यांना फिजिओथेरपीसाठी म्हापशाला न्यायचं होतं आणि नवरा कामावर गेलेला. म्हटलं, मीच बदलते.

तीन नट सुटले. चौथा गंजलेला, पान्यावर उभी राहिले तरी हलेना.

सासरे खाणीवर फिटर होते. उजवा हात लुळा पडल्यापासून गप्पच असतात. आज ओसरीवरच्या सोप्यावरून ओरडले, "आदी आवळ गो!"

"बाबा, सोडवायचाय!"

"आवळ म्हणतंय ना! जरा हललो की सुटतलो."

किंचित आवळला, कर्रकन वाजला. मग उलटा फिरवला आणि सुटला!

म्हापशापर्यंत बाबा खाणीवरच्या गाड्यांबद्दल बोलत होते. इतक्या वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं. तुमच्याही घरात असं कुणी आहे का?