बांधावरचे तात्या

आमच्या चळवळीच्या कचेरीत मी पत्रकांच्या घड्या घालत बसले होते, तेवढ्यात एक जुने कार्यकर्ते दारातूनच म्हणाले, "तुझा भांडवलदार गेला गं!" मी उठून उभी राहिले. तात्या केळसकर वकील गेले, हे मला तात्यांच्याच एका विरोधकानं असं सांगितलं. बोलणाऱ्यानं नंतर टोपी काढली आणि बराच वेळ हातातच धरून ठेवली. पनवेलात ज्यांना तात्यांचे विचार पटत होते अशी माणसं मोजकी. ज्यांचं तात्यांवाचून अडत होतं अशी पुष्कळ. त्या दिवशी लाईन आळीत तात्यांच्या घरापुढे दुसऱ्या प्रकारची माणसं जमली होती.

मी पत्रकांवर वाढले. वडील चळवळीतले, त्यामुळे घरात पाटीच्या आधी पत्रक हाती आलं. जमीन कसणाऱ्याची, गिरणी राबणाऱ्याची, हे मला पाढ्यांसारखं पाठ. आणि समोरच्याच घरात हे तात्या, जे म्हणत की सरकारनं चोर पकडावेत, रस्ते राखावेत आणि संध्याकाळी घरी जावं. तांदूळ तालुक्याबाहेर न्यायला परवाना लागायचा त्या काळात तात्या चौकात उभे राहून सांगत, "उद्या शिंकायलाही परमिट लागेल!" लोक हसत. मी एकदा गर्दीतून ओरडले, "आणि ज्याच्याकडे रुमालच नाही त्यानं काय करायचं, तात्या?" ते थांबले, डोळे बारीक करून मला शोधलं आणि म्हणाले, "त्यानं शेजाऱ्याकडे मागावा. आणि शेजाऱ्यानं दिला नाही तर तुझ्याकडे यावं, तू पत्रक देशील." सगळा चौक माझ्यावर हसला. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी मला हाक मारून घरात बसवलं आणि दुपार टळेपर्यंत वाद घातला... तेव्हापासून आमची मैत्री.

अखेरच्या निवडणुकीला ते स्वतंत्र उभे राहिले तेव्हाची गोष्ट. खाडीकाठचं वाघखार हे माझं आजोळ. तिथली शेती मातीच्या बांधाच्या भरवशावर. उधाणाला बांधाला खांड पडली की खारं पाणी शेतात शिरतं आणि पुढची कित्येक वर्षं भात होत नाही. म्हणून दर घरातून एक माणूस बांधाला द्यायचा, ही गावाची रीत, बांधाची पाळी. पोशा म्हात्रेनं ती मोडली. त्याचा थोरला मुलगा आदल्या खेपेला खांड बुजवताना वाहून गेला होता. धाकट्याला तो पाठवेना, आणि त्याला स्वतःलाही त्या बांधावर पाय ठेववेना. गावानं त्याला वाळीत टाकलं. विहीर बंद, बोलणं बंद. ठरवणाऱ्या पंचांत माझे राघोमामा पुढे होते.

तात्यांची सभा त्याच गावात. सगळं गाव त्यांना मतं द्यायला तयार, कारण मिठागराच्या एका खटल्यात त्यांनी गावाची बाजू फुकट लढवली होती. त्यांनी पोशाचा विषय नुसता टाळला असता तरी पुरे होतं. पण उभे राहिल्याबरोबर त्यांनी तोच काढला. राघोमामा उठले. "वकीलसाहेब, हात जोरून सांगतो. उधाण कुनाला इचारून येतं का?"

"उधाण विचारत नाही, राघोबा. म्हणून तर माणसानं विचारायला हवं."

"आनि सगलीच नाय म्हनाली तं?"

"तर बांध जाईल आणि तुम्ही मला शिव्या घाला. पण मुलगा गमावलेल्या बापाला पाण्यावाचून ठेवून राखलेला बांध मला नको."

सभा तिथंच उठली. त्या गावातून तात्यांना मतं जवळजवळ मिळालीच नाहीत आणि अनामत रक्कम जप्त झाली. मी तेव्हा त्यांच्याविरुद्ध पत्रक काढलं होतं, 'एकट्याचं स्वातंत्र्य, सगळ्यांचं शेत'. मला ते आजही बरोबर वाटतं. तात्यांनी ते चष्मा लावून पूर्ण वाचलं आणि म्हणाले, "मथळा झकास. 'एकट्याचं' जरा मोठ्या टायपात घ्यायला हवं होतं." मी चिडून म्हटलं, एवढा कळवळा आहे तर पोशाच्या वतीनं कोर्टात जा. ते म्हणाले, "शेजारी पोलीस उभा करून पाणी भरायचं? ते पाणी त्याच्या घशाखाली उतरेल का?"

भाद्रपदातल्या उधाणाला खांड पडली. मी आजोळीच होते. माणसं चिखलाची ढेकळं हातोहात पुढे देत होती, आणि बघते तर रांगेच्या शेवटी तात्या. धोतर गुडघ्यावर खोचलेलं, चष्मा दोऱ्यानं कानाला बांधलेला.

"तुमाला कोनी बोलावला?" राघोमामांनी विचारलं.

"कुणी नाही. पोशाच्या घरचा माणूस म्हणून मला धरा."

"तुमी म्हातारे. अर्धाच मानूस."

"मग त्याला अर्धा तरी वाळीतून काढा!"

कंबरभर पाण्यात माणसं हसली. मामाही हसले, आणि हसल्यावर त्यांना रागावता येईना. बांध राहिला. दुसऱ्या दिवशी पोशाची बायको विहिरीवर गेली आणि तिला कुणी अडवलं नाही. मी तात्यांना म्हटलं, "म्हणजे शेवटी तुम्ही पाळी मान्य केलीत. हरलात." ते चिखल धूत म्हणाले, "पाळी तुम्ही लावता, मुली. ही मी उचलली." यावर आम्ही पुढे वर्षानुवर्षं भांडलो... आणि तात्या दर उधाणाला, अंगात ताप असला तरी, पोशाच्या घरचे म्हणून जात राहिले.

ते गेल्यानंतरच्या पहिल्या उधाणाला मी मुद्दाम वाघखारला गेले. आता पोशाच्या घरचा माणूस कोण, हा प्रश्न गावापुढे होता, आणि मला भीती होती की विहीर पुन्हा बंद होईल. पूर्वी देवळापाशी नुसती हाळी द्यायचे. या वेळी मामा दारोदार निघाले. पोशाच्या अंगणात थांबले. धाकटा मुलगा बापाच्या मागे उभा होता.

"पोशा, येतंस काय?"

पोशानं खाली बघितलं. मग मान वर करून म्हणाला, "नाय."

मला वाटलं, आता आवाज चढेल. "बरा," मामा म्हणाले, आणि शेजारच्या दाराशी जाऊन त्यांनी कडी वाजवली.