‘हे उघडच आहे’ असं मी लिहिलं होतं

मंडळी, आज माझ्या हातून मोठी चूक होता होता राहिली. लपवण्यापेक्षा सांगून टाकते.

दोन वर्षांपूर्वी मी कॉलेजात गणित शिकवणं सोडलं. आता विचुंब्यात घरी बसून ब्लॉकचेनचे प्रोग्राम तपासते. लोक ज्या कोडच्या भरवशावर पैसे ठेवतात, त्यात चोराला शिरायला वाट नाही ना, हे बघायचं. एकदा कोड सुरू झाला की दुरुस्ती सहसा करता येत नाही.

आज दुपारी रिपोर्ट पाठवायचा होता. कोड सुरक्षित आहे हे सिद्ध करताना एका पायरीवर मी नुसतं ‘हे उघडच आहे’ लिहून पुढे गेले होते. आम्हा गणितवाल्यांची ती सवयच. माझ्यासोबत काम करणाऱ्या सलमाने फोनवर विचारलं, “मॅडम, उघड कसं? सिद्ध करून दाखवा ना.”

मी वैतागून लिहायला बसले आणि तिसऱ्याच ओळीत अडकले. चोराची वाट तिथेच होती.

संध्याकाळी रोडपालीला सरांकडे गेले. माझ्या पीएचडीचे गाइड. झालेलं सगळं सांगितलं. वाटलं, रागावतील. ते आत गेले आणि माझा प्रबंध घेऊन आले.

“यातही तू बऱ्याच ठिकाणी ‘उघडच आहे’ लिहिलंयस. मी एकदाही विचारलं नाही, कसं म्हणून.”

प्रबंध आता समोर आहे. याच्यामुळे लोक मला डॉक्टर म्हणतात. पहिल्याच ‘उघडच आहे’पाशी मी तासभर अडकलेय.

तुम्हाला ‘कसं?’ असं विचारणारं कोणी आहे का?